एक वाजताचा खेळ

वानखडेकाका गेले त्या सकाळी मी आमच्या पार्सिपनी गावातच दुसऱ्या एका घरी पोळ्या लाटत होते. हात पिठाचे होते, म्हणून मोबाइल स्पीकरवर टाकला. अजय, काकांचा एकुलता एक मुलगा, दोन दिवसांपूर्वी टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून आला होता आणि हॉस्पिटलमध्येच बसून होता. "ताई, बाबा इज गॉन," एवढंच म्हणाला. मागे कसलंसं मशीन वाजत होतं... तव्यावरची पोळी जळाली. त्या घरातली बाई धावत आली, तिनं गॅस बंद केला, मला खुर्चीवर बसवलं. मी तिला म्हटलं, थांबा, उरलेल्या करून देते, आणि उठून खरंच सगळ्या पोळ्या केल्या. अशा वेळी माणूस काय करेल सांगता येत नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की काकांना खरं सांगायचं राहून गेलं.

याला आता दीड महिना झाला. लिहायची मला सवय नाही. कराडजवळच्या आमच्या गावात आठवीत असताना आई अंथरुणाला खिळली आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा इथं चुकलंमाकलं असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण काकांबद्दल इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत जे बोललं गेलं ते सगळं माइकवर बोलण्यासारखं होतं. काकांशी मी एकदा खोटं बोलले, आणि ते खोटं सिनेमाबद्दल होतं, हे तिथं सांगता आलं नाही. म्हणून हे कागदावर.

काका मूळचे नागपूरचे. टेलिफोनचे इंजिनिअर. इथं आले तेव्हा आसपासच्या चार गावांत मिळून मराठी घरं मोजकीच होती, असं त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, सांगायच्या. गावात दोन पडद्यांचं एक जुनं थिएटर आहे... होतं. काकांनी त्याच्या मालकाला गाठून रविवारी सकाळचा रिकामा वेळ मागून घेतला आणि मराठी सिनेमे लावायला सुरुवात केली. सिनेमाच्या रिळांचे डबे विमानानं यायचे. काका ऑफिस सुटल्यावर विमानतळावर जाऊन ते जड पत्र्याचे डबे गाडीच्या डिकीत घालून आणायचे, आणि मग आठवडाभर काकू घरोघरी फोन करायच्या, येताय ना, किती जण, लहान किती. मध्यंतर कधी संपायचं हे घड्याळावर नव्हतं, शेवटच्या माणसाचा चहा संपला की संपायचं. मशीन चालवणारा गोरा म्हातारा काकूंच्या बटाटेवड्यांवर इतका खूश, की वडे आले नाहीत तर मशीन बिघडेल अशी धमकी द्यायचा. मुलं खुर्च्यांमधल्या वाटेत कोटांवर झोपायची. एकदा डबे लावण्यात घोळ झाला आणि नायिका आधी मेली, मग तिचं लग्न झालं. कुणी हूं की चूं केलं नाही. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या होत्या, "बरं झालं, शेवट तरी गोड झाला." ही गोष्ट काका मला इतक्या वेळा सांगायचे, की मीही तिथं होते असं मला आता वाटतं.

मी आले ती फार नंतर, त्या रविवारच्या खेळांच्या अगदी शेवटी. माझे मिस्टर इथं एका ग्रोसरीच्या गोदामात होते. मला इंग्रजी येत नव्हतं. दुकानात कुणी "हाउ आर यू" म्हटलं तरी काळजात धस्स व्हायचं, आता काय मागतोय हा. काकूंकडे पोळ्यांचं काम मिळालं. एक दिवस काका म्हणाले, गाडी शिकल्याशिवाय या देशात पाय असून लंगडी राहशील तू. आणि त्यांनी गाडीच्या परीक्षेचं ते सरकारी पुस्तक पानापानानं मराठीत सांगितलं, महिनाभर, रोज संध्याकाळी, काकू एकीकडे भाजी निवडत असताना. मी पास झाले त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले, आणि ते का वाटताहेत हे कुणाला सांगितलं नाही, म्हणजे मला ओशाळं व्हायला नको. ती परीक्षा झाली नसती तर आज माझ्या चार घरच्या चार चुली नसत्या. हे मी विसरत नाही.

मी त्यांना आमच्याकडच्या तंबूतल्या टॉकीजबद्दल सांगायची. जत्रेच्या दिवसांत मोकळ्या रानात तंबू पडायचा, मधोमध पडदा. पुढची बाजू पुरुषांनी भरायची, आणि आम्ही बायापोरी पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो. तिकडून सगळं उलटं दिसायचं. नायक डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं तलवार चालवायचा. सिनेमातली मोठी माणसं डावखुरीच असतात असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. हे ऐकून काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "म्हणजे सुनीता, तुला सिनेमा आम्ही पाहिला त्याच्या मागून दिसते." नागपूरचं बोलणं त्यांचं पन्नास वर्षांत गेलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी काकू गेल्या, आणि त्यानंतर दीडेक वर्षात काकांची नजर. पूर्ण अंधार नव्हता. मधलं सगळं गेलं आणि कडेचं राहिलं. माणसाकडे सरळ पाहिलं की त्याचा चेहरा नाहीसा व्हायचा, कान तेवढे दिसायचे. अजयनं मला सोमवार ते गुरुवार दिवसभरासाठी त्यांच्याकडे ठेवलं. स्वयंपाक, औषधं, डॉक्टरकडे नेणं. पहिल्याच आठवड्यात काका म्हणाले, सिनेमाला जायचं. मला वाटलं चेष्टा करतात. पण ते निघाले.

तोपर्यंत सिनेमाला जाणं पार बदललं होतं. हायवेच्या कडेला ते मोठं मल्टिप्लेक्स आलं होतं, चौदा पडद्यांचं, पाय लांब करून झोपता येईल अशा खुर्च्यांचं. तिकीट फोनवर काढायचं, खुर्चीचा नंबर फोनवरच निवडायचा, दारात कुणी माणूस असेलच असं नाही. हिंदी, तेलुगू सिनेमे रोज असायचे, मराठी एखाद्या शनिवारी, एकच खेळ. आम्ही मराठीला गेलो. मी काकांच्या कानाशी लागून, पडद्यावर जे गप्प चाललंय ते सांगायला लागले. पंधरा मिनिटं झाली असतील. पुढच्या रांगेतल्या मुलीनं वळून म्हटलं, "आंटी, प्लीज." मी आणखी हळू बोलले. मग ती उठून बाहेर गेली आणि बॅटरी घेतलेला एक पोरगेलासा मॅनेजर आला. तो बिचारा नम्रच होता. पण सगळा हॉल आमच्याकडे पाहत होता, आणि सगळी माणसं आपलीच होती, कित्येकांचे आईबाप काकांच्या रविवारच्या खेळांना आले असतील. काका उठले. माझा हात धरून त्या पायऱ्या एकेक करून उतरले. गाडीत बसल्यावर मला रडू आलं. ते म्हणाले, "तिचं चुकलं नाही. आता लोक सिनेमाला एकटे येतात. घोळक्यानं आले तरी एकटेच येतात."

नंतर म्हणाले, आपल्या जुन्या थिएटरला दुपारी जाऊ. तिथं इंग्रजीच सिनेमे लागायचे, म्हणून मी तोवर त्याचा विचारच केला नव्हता. मधल्या वारी एक वाजताचा खेळ. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये चार-पाच म्हातारी माणसं, एकमेकांपासून लांब लांब बसलेली, कधी तेवढीही नाहीत. खुर्च्यांचं कापड फाटलेलं, एका भिंतीला ओल. तिकीटखिडकीत पॅटी नावाची साठीची बाई, काकांना नावानं ओळखणारी. पहिल्या दिवशी मी तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की हे बघू शकत नाहीत, मी बोलणार. ती म्हणाली, "हनी, हू इज गोइंग टू माइंड?" आणि रिकाम्या हॉलकडे हात केला. थिएटर मरायला टेकलं होतं म्हणून आम्हाला तिथं बोलायची मुभा होती. हे मला तेव्हाही कळत होतं आणि बोचतही होतं.

आमची एक रीत पडली. काकांना ऐकू यायचं पण दिसायचं नाही, मला दिसायचं पण बोलणं कळायचं नाही. मी चित्र सांगायची, ते वाक्यं सांगायचे. "तो म्हणते, मी परत येणार नाही." मी म्हणायची, तिनं पाठ फिरवली, भांडं घासायला घेतलंय, पण घासलेलंच भांडं घासतेय. अशी आमची दोघांची मिळून एकेक फिल्म व्हायची. सुरुवातीला मला सांगता यायचं नाही. तो चाललाय, ती बसलीय, एवढंच. काका विचारायचे, "पण चालून कसा राहिला?" मी म्हटलं, कसा म्हणजे... दोन दिवस जेवला नसल्यासारखा. ते म्हणाले, "हां. आता दिसला." असं करत करत मी बघायला शिकले. आणि त्यांची वाक्यं ऐकता ऐकता, कधी कुणास ठाऊक, त्यांनी सांगायच्या आधीच एखादं मला कळायला लागलं. मी ते त्यांना सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, कळतं म्हटलं तर ते सांगायचं थांबवतील.

एका सिनेमात एक म्हातारा मरतो. मला ते काकांना सांगवेना, मी म्हटलं, डोळे मिटून पडलाय. थोड्या वेळानं काकांनी विचारलं, "सुनीता, झोपला का मेला?" मी म्हटलं, मेला काका. "मग तसं सांग न. मी तिकीट पूर्ण काढलं आहे." हसले, पण मग गंभीर होऊन म्हणाले, "दिसते ते सांगायचं. तुला नको वाटते म्हणून गाळायचं नाही. मला दुसरं कोण सांगणार?" बाहेर पडताना दर वेळी ते एकच वाक्य म्हणायचे. "छान दाखवलं तू." आमच्याकडे 'दाखवलंस' म्हणतात. पण काकांचं ते वाक्य मला त्यांच्याच बोलीत ऐकू येतं.

कुठला सिनेमा लागलाय हे त्यांना फोनवर कळायचं. त्या थिएटरचा एक नंबर होता, त्यावर पॅटीच्या आवाजात टेप लागायची, या आठवड्यात हे, इतक्या वाजता. सगळं जग मोबाइलवर बघत असताना ती टेप ऐकणारे बहुधा काका एकटेच उरले होते. दर शुक्रवारी सकाळी दहाला ते स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनजवळ उभे राहून, पाचाच्या बटणावरचा उंचवटा बोटानं चाचपून नंबर फिरवायचे. टेलिफोनमध्ये आयुष्य गेलेलं, बटणांना डोळे लागत नाहीत म्हणायचे. मी शुक्रवारी नसायची. सोमवारी गेले की चपला काढता काढता विचारायची, काय लागलंय काका? मग ते मला सगळी टेप पाठ म्हणून दाखवायचे, पॅटीच्या आवाजात, खोकल्यासकट. आठवड्याची सुरुवात अशी व्हायची.

या वर्षी जानेवारीत काका न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण छाती बिघडली आणि ऑक्सिजनची नळी नाकाला लागली. तेव्हापासून अजयचा धीर सुटला. लांब राहणाऱ्या मुलाचं भय मी समजू शकते, माझी मुलगी लांब कॅरी गावी राहते, दोन दिवस फोन नाही आला तर मला घास जात नाही. त्यानं दारावर कॅमेरा असलेली बेल बसवली. आम्ही बाहेर पाऊल टाकलं की फ्रिस्कोत त्याच्या फोनवर टिंग वाजायचं. फेब्रुवारीत पॅटीनं आम्हाला सांगितलं होतं की मालक विकतोय, महिना-दीड महिन्यात पडदा बंद. त्या दिवशी डॉक्टरकडून परत येताना आम्ही फक्त तिला भेटायला थांबलो होतो. काका म्हणाले, "शेवटच्या खेळाला येणार मी. पहिल्या मराठी खेळाला माझ्याच हातानं डबे आत नेले होते." मी म्हटलं, येऊ की.

एका रविवारी अजयचा फोन आला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, साधा सर्दीखोकलाही झेपणार नाही. "ताई, नो आउटिंग्ज. प्लीज. थिएटर तर अजिबात नाही. मला माहितीय ते तुला सांगणार. आय कान्ट डू धिस फ्रॉम हिअर. नाही जमलं तर मी त्यांना इथे होममध्ये शिफ्ट करतो." तो ओरडला नाही. विनवत होता. मी हो म्हटलं. फोन ठेवून हिशेब करत बसले. काकांना सांगावं की अजयनं मना केलंय, तर बापलेकांचं भांडण होणार आणि काका हट्टानं टॅक्सी बोलावून जाणार. मग कॅमेरा वाजणार. आणि वाटेत काही झालं तर नाव कुणाचं येणार? आठवीत शाळा सुटलेल्या बाईचं. काकांना ते घर सोडून फ्रिस्कोतल्या म्हाताऱ्यांच्या कुठल्याशा होममध्ये जावं लागेल ते माझ्यामुळे. हे मी आता लिहितेय ते काकांच्या काळजीचं दिसतं. त्यात माझ्या कामाची काळजी किती होती ते मी रात्रंदिवस चाचपून पाहते. होती. चांगली निम्मी होती.

सोमवारी मी गेले. काका फोनजवळच्या खुर्चीत बसले होते, माझ्याकडे तोंड करून, आणि काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं. मी चपला काढल्या नाहीत, विचारलं नाही काय लागलंय. एकदम म्हणून टाकलं, काका, आपलं थिएटर बंद झालं. आता येताना पाहिलं.

ऑक्सिजनच्या मशीनचा तेवढा श्वास चालला होता. मग त्यांनी विचारलं, "काय पाहिलं? सांग."

आणि मी सांगितलं. दर्शनी पाटीवरची अक्षरं काढून टाकलीत, दोनच राहिलीत, एक वाकडं. दाराच्या दोन्ही मुठींमधून साखळी घालून कुलूप लावलंय. काचांना आतून तपकिरी कागद चिकटवलाय, एका कोपऱ्यात सुटलाय. त्यांनी विचारलं, "पॅटी?" मी म्हटलं, खिडकीत कुणी नाही. खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवलीय. हे सगळं कुठून आलं मला माहीत नाही. पाच वर्षं ज्यानं मला बघायला शिकवलं, त्याच्यापुढे मी न पाहिलेलं सांगत होते, आणि अडखळत नव्हते. काका मान जरा वाकडी करून ऐकत होते, कडेच्या नजरेत मला पकडायला करायचे तशी. शेवटी म्हणाले, "छान दाखवलं तू." मला वाटलं, सुटले.

गुरुवारी बारा वाजता मी त्यांना जेवायला वाढलं. भांडी घासून बाहेर आले तर काका दारापाशी खुर्चीवर बसलेले. कोट घातलेला, टोपी, बूट. ऑक्सिजनची लहान बाटली पिशवीत घालून मांडीवर. बुटांच्या नाड्या त्यांनी स्वतः बांधल्या होत्या, किती वेळ लागला असेल. मी विचारलं, कुठं निघालात काका? ते म्हणाले, "कुठं नाही. थंडी वाजून राहिली." मी हीटर वाढवला. मला वाटलं, वय झालं, भ्रम होतोय. ते तसेच बसून राहिले. मी दोनदा म्हटलं, कोट काढू का. दोन्ही वेळा म्हणाले, "राहू दे, जराशानं." एक वाजून गेला, सव्वा झाला. मग त्यांनी स्वतःच हात पुढे केले आणि मी बाह्या ओढून कोट काढला, लहान मुलाचा काढतात तसा.

त्यानंतर दोनेक आठवड्यांत त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. बाहेर न जाताही छातीत पाणी भरलं. मी भेटायला गेले तेव्हा तोंडावर मास्क होता. खोलीतला टीव्ही आवाज बंद करून चालू होता, आणि सवयीनं मी सांगायला लागले, एक बाई केक करतेय काका, वरचं क्रीम ओघळतंय तिचं. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. मला सांगून टाकायचं होतं. पण नर्स आत-बाहेर करत होती, अजय दारात उभा होता... मी म्हटलं उद्या. उद्या माझं दुसऱ्या घरी काम होतं. फोन आला तो त्याच सकाळी.

क्रिया झाल्यावर अजयनं घर आवरायला मला बोलावलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात खोकी भरत होतो. मिस्टरांना आणखी खोकी आणायला सांगायचं होतं, माझ्या मोबाइलची बॅटरी संपलेली, म्हणून मी भिंतीवरचा फोन उचलला. त्या फोनवरून बाहेर फोन करणारे काका एकटेच, मी कधी तो वापरला नव्हता. गडबडीत खालचं मोठं बटण दाबलं गेलं, मागचाच नंबर पुन्हा लागतो ते. घंटा वाजली आणि पॅटी बोलायला लागली. खोकली. थिएटरचं नाव सांगितलं. म्हणाली, या गुरुवारी आमचा शेवटचा दिवस, शेवटचा खेळ दुपारी एक वाजता, तिकीट नाही, नुसते या. मग म्हणाली, इतकी वर्षं आलात, थँक यू. टेपला तारीख होती ती मी खोटं बोलले त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारची.

माझ्या हातून सुटलेला रिसीव्हर तसाच लोंबकळत राहिला. अजयनं विचारलं काय झालं. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, उभ्या उभ्या, पाटीवरच्या वाकड्या अक्षरापर्यंत. आता हा मला काय म्हणेल याची भीती त्या क्षणी वाटली नाही, पहिल्यांदाच. तो हातातलं खोकं धरून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "त्यांनी मला पण सांगितलं होतं. शनिवारी, मी तुला फोन केला त्याच्या आदल्या दिवशी. 'गुरुवारी थिएटर बंद होते.' बस, एवढंच. मी म्हणालो, ओके बाबा. मला कळलं नाही की ते विचारतायत." आणि तो खाली बसला, जमिनीवरच, खोक्याला टेकून.

म्हणजे काकांना ठाऊक होतं. मी सोमवारी दारात उभी राहून साखळी, कुलूप, तपकिरी कागद दाखवत होते तेव्हा त्यांना ठाऊक होतं की तिकडे दार उघडं आहे आणि पॅटी खिडकीत आहे. तरी मला त्यांनी पुरतं सांगू दिलं. गुरुवारी कोट घालून बसले ते भ्रमानं नव्हे. मला त्यांनी सव्वा एकपर्यंत वेळ दिला होता. खेळ दोन मैलांवर होता. एवढं मागायला त्यांना एक शब्द पुरला असता, आणि तो त्यांनी उच्चारला नाही, म्हणजे मला ओशाळं व्हायला नको.

गेल्या आठवड्यात मी मुद्दाम त्या थिएटरवरून गेले. गाडी लावून उतरले. पाटीवरची अक्षरं काढलीत, एकही उरलेलं नाही. दाराला साखळी आहे. काचांना कागद नाही, आत सरळ दिसतं. खुर्च्या उखडून नेल्यात, जमिनीवर रांगेनं भोकं राहिलीत. तिकीटखिडकीतली पॅटीची खुर्ची उलटी नाही, सरळ आहे, जरा मागे सरकवलेली, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. मी काचेला कपाळ लावून हे सगळं हळू आवाजात सांगितलं, दिसलं तसं, काही न गाळता.

भिंतीवरचा तो फोन अजयनं मला दिला. आमच्याकडे लावायला वायर नाही, तो नुसताच फ्रिजच्या बाजूला खिळ्यावर आहे. पण नंबर मला पाठ झालाय. काकांच्या घरून आल्यापासून शुक्रवारी दहाला मी माझ्या मोबाइलवरून तो फिरवते. दोन शुक्रवार पॅटीची टेप लागली, तीच, खोकल्यासकट. परवाच्या शुक्रवारी पॅटी नव्हती. दुसऱ्याच कुठल्या बाईचा कोरडा आवाज आला, भरभर बोलणारा, हा नंबर आता वापरात नाही, नंबर तपासून पाहा. सगळं इंग्रजीत. मला त्यातला शब्दन्शब्द कळला. शेजारी कुणी सांगायला नव्हतं, तरी कळला.